हौद्याबाहेरची टांग

माझ्या नावामागे 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द कसा चिकटला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हायला नको. लढाईपूर्वी आपल्याकडचा एक फुटबॉलसंघ सिलोनला गेला होता. त्याच्याबरोबर मी गेलो तो सामान आणि खेळाडू सांभाळायला. कोलंबोच्या सामन्याच्या दिवशी नेमलेल्या गोऱ्या पंचाचे पोट बिघडले. मी पुण्यात शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत शिट्टी फुंकतो हे कोणीतरी बोलून गेले, आणि अर्ध्या तासात मी दोन देशांच्या मधोमध उभा होतो. पुढे रंगूनचे बोलावणे आले, मग पुन्हा कोलंबोचे. लढाई सुरू झाल्यावर तर पुण्याच्या छावणीत इतक्या मुलखांचे सोल्जर येऊन पडले की घरबसल्या आंतरराष्ट्रीय होण्याची सोय झाली. माझी सारी कारकीर्द अशी दुसऱ्याच्या पोटातून निघाली आहे.

परदेशात माझे काम चांगले होई, कारण तिथल्या शिव्या मला समजत नसत. या खेपेला मात्र मी अशा मुलखात निघालो होतो, जिथली शिवी नुसती समजत नाही, तर तिला दाद द्यावीशी वाटते.

सातारा

आमंत्रण सांगलीच्या एका क्रीडा मंडळाचे होते. त्यांचा संघ पलूसच्या बाजूच्या एका कृष्णाकाठच्या गावात, लढाईवरून परतलेल्या जवानांच्या संघाशी खेळणार होता आणि पंच तिऱ्हाईत हवा होता. वाटेत साताऱ्याला उतरलो, ते माझा शाळासोबती वकिली करतो म्हणून. त्याने हौसेने माझा सत्कार ठेवला होता. सत्काराची वार्ता आधी कळली असती तर मी सरळ पुढचे तिकीट काढले असते.

अध्यक्ष एक रावसाहेब होते. फुटबॉल या विषयावर ते बराच वेळ बोलले आणि त्यात फुटबॉल एकदाही आला नाही. मी सातासमुद्रांपलीकडे मराठी माणसाचा झेंडा रोवल्याचे मला त्यांच्याकडून समजले. कोलंबोला जाताना आम्हाला एकच समुद्र लागला होता आणि तोही अरुंद होता. भाषण संपवून ते माझ्या शेजारी बसले, पेढ्यांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि हळूच विचारले, "बरं, आपण कोणत्या बाजूनं खेळता?"

"कोणत्याच नाही."

"म्हणजे घेतच नाहीत?" त्यांच्या चेहऱ्यावर खरी कणव होती. ताटलीतला शेवटचा पेढा त्यांनी मलाच दिला.

पेढे मात्र साताऱ्याच्या नावाला जागणारे निघाले. आमच्या पुण्यात मिठाई हातावर ठेवतात ती पाहुण्याने एक घेऊन बस म्हणावे अशा बेताने. साताऱ्यात बस म्हटले की आणखी दोन येतात. दुसऱ्या दिवशी किल्ला अर्धाच चढलो, त्याचे कारण किल्ला नव्हे.

कृष्णाकाठ

लहान रुळांची गाडी लहान स्टेशनावर थांबली. फलाटावर एक उंच, रुंद छातीचा तरुण खाकी सदऱ्यात उभा होता. त्याने खाडकन सलाम ठोकला. हा हवालदार मारुती सूर्यवंशी, जवानसंघाचा कप्तान. माझी बॅग त्याने छकड्यात टाकली आणि बैलांचे कासरे स्वतः धरले.

"सर, मुक्काम आमच्याच घरी हाय बरं का. आईनं कोंबडं राखलंय."

मी म्हणालो, "सामना होईपर्यंत तुमच्या घरचं पाणीसुद्धा मला चालायचं नाही. पंच आहे मी."

तो विचारात पडला. "सांगलीवाल्यांकडचं बी न्हाई?"

"नाही."

"मंग खानार काय?"

हा प्रश्न मला कोलंबोत कोणी विचारला नव्हता. तिथे पंचाला हॉटेल देतात. शेवटी तोड अशी निघाली की मी गावच्या शाळेत उतरावे आणि फुटबॉलशी देणेघेणे नसलेल्या एका गुऱ्हाळवाल्याकडे जेवावे. त्यामुळे दोन दिवस मी गरम काकवी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली, उसाचा रस प्यालो. निःपक्षपातीपणा इतका गोड लागू शकतो हे मला माहीत नव्हते.

वाटेत मारुतीने खरी गोष्ट सांगितली. ज्या रानात सामना होता ते नदीकडचे काळे रान त्याच्या वडिलांचे, दौलू आबांचे. मारुती इटलीत असताना आबांनी गावच्या देवापुढे उभे राहून बोल दिला होता, की पोरगा जिता परत येऊ दे, तो मागेल ते त्याला देईन. पोरगा आला. आबांना वाटले नवे घर मागेल, बैलजोडी मागेल. त्याने खेळायला रान मागितले.

"असं का मागितलंत?" मी विचारले.

"तिकडं डोंगरामागं इसाव्याला आलो की आमी चेंडू खेळायचो, सर. आमच्या कंपनीचा संघ हुता. त्यातलं आमी चौघं म्हागारी आलो." त्याने बैलांना उगाच हाक दिली. "गावात आल्यावर बाकीचे नवे गोळा केले. आता खेळायला जागा पायजे का नगं?"

आबांनी बोल पाळला, पण एका वर्षापुरता. वर्ष सरत आले होते, हिवाळ्यातल्या 'सुरू' उसाच्या लागणीचे दिवस आले होते. आबांचे म्हणणे असे: गाव जमवा, सामना करा. जिंकलात तर रान खेळाचे. हरलात तर दुसऱ्या दिवशी नांगर. बोली सगळ्या गावासमोर झाली होती.

आबांचे दर्शन त्याच संध्याकाळी झाले. साठी उलटलेला, पण खांबासारखा माणूस. दोन्ही कान मोडून कानांच्या जागी दोन गाठी झालेल्या. ऐन उमेदीत पंचक्रोशीत त्यांच्याशी कुस्ती जोडायला गडी मिळत नसे, असे ते स्वतः सोडून सगळ्यांनी सांगितले. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, जसे बाजारात बैल पाहतात, आणि विचारले, "तुमी कुस्ती सोडवलीया कवा?"

"नाही. मी फुटबॉलचाच पंच."

"त्यात हात लावायचा न्हाई म्हनं."

"नाही."

"मंग गड्याला धरत्यात कशानं?"

मी म्हटले, धरायचे नसते. त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला. धरायचेच नसेल तर मग बोलण्यासारखे काय उरते, असे त्यांच्या पाठीवर स्पष्ट दिसत होते.

मैदान मात्र मारुतीने असे आखले होते की मी पाहतच राहिलो. पलटणीत तो पूल बांधणाऱ्यांतला. चुन्याच्या रेषा सुतात होत्या. मधले वर्तुळ खुंटी आणि दोरीने काढले होते आणि त्याच्या कडेला बोटभरही फरक नव्हता. रंगूनचे वर्तुळ याच्यापुढे बटाटा होते. खांब बांबूचे, आणि मागची जाळी नदीवरच्या कोळ्यांची. तिला मासळीचा वास होता. गोलरक्षकांची तक्रार आली, ती मी नियमांत बसत नाही म्हणून फेटाळली.

सामना

सामन्याला अध्यक्ष हवेतच. एका जवळच्या संस्थानाचे माजी कारभारी जरीची पगडी घालून आले आणि त्यांच्याबरोबर बैलगाडीतून त्यांचा बसायचा गादीचा कोच आला. कोच मानाच्या जागी म्हणून मैदानाच्या आत, रेषेपासून चांगला दोन हात पुढे मांडण्यात आला. मी तो मागे घ्यायला सांगितले. कारभारी उठेनात. शेवटी मारुतीने चुन्याची पाटी आणली आणि रेषाच कोचाच्या पुढून वळवून घेतली. रेषेला त्या जागी पोट आले. माझ्या कारकीर्दीत पोटाचा संबंध असा पुन्हा आला.

मी काळी अर्धी चड्डी घालून बाहेर पडलो तेव्हा बायकांच्या बाजूने हशा उठला. "आवं, मास्तरांचा धोतराचा जोड वाळत घातलाय जनू!" एकीने मोठ्याने सांगितले. रंगूनमध्ये कोणी काही बोलले असेल तर ते मला कळले नव्हते.

वर्तुळात दोन्ही कप्तानांनी हात मिळवले. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला सांगलीचा लिमये. लिमये कॉलेजात शिकणारा, चष्मा काढून खेळणारा, सडपातळ मुलगा. हात मिळताच गावाने पहिल्यांदा टाळ्या दिल्या. कुस्तीआधीची सलामी त्यांना समजली होती.

पहिला गोल सांगलीने केला तेव्हा कोणी ओरडले नाही. चेंडू जाळ्यात अडकलेला पाहून कोळ्यांच्या बाजूने तेवढा समाधानाचा आवाज आला. उत्तरार्धात एका जवानाने डोक्याने चेंडू आत घातला. हे गावाला पटले. डोके मारणे हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. एक-एक झाली. आबा रेषेजवळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते आणि चेंडूकडे न पाहता मुलाच्या पायांकडे पाहत होते.

वेळ संपत आली. मारुती चेंडू घेऊन सांगलीच्या गोलकडे सुटला. आडवा एकटा लिमये. चेंडू काढायला म्हणून त्याने पाय घातला, तो चेंडूला न लागता मारुतीच्या पायांत मागून गेला, आणि एवढा मोठा हवालदार हवेत उचलला जाऊन दाणकन पाठीवर पडला. चीतपट. दोन्ही खांदे जमिनीला.

मी शिट्टी फुंकली, पण ती ऐकली कोणी? हलगी कडाडली. "टांग! काय टांग घातली रं गड्या!" गाव मैदानात घुसले. माझी समजूत, लिमयेला मारायला धावले. त्यांनी लिमयेला खांद्यावर घेतले. कोणाचा तरी गुलाबी फेटा त्याच्या डोक्याला गुंडाळला गेला.

"सर!" लिमये वरून ओरडत होता, "मी मुद्दाम नाही हो केलं! मला का उचलताहेत हे?"

या मुलखात टांग मारणे ही विद्या आहे. त्यासाठी पोरे पहाटे उठून तालमीत घाम गाळतात. चष्म्याच्या पोराने पलटणीतल्या पैलवानाला एका टांगेत अस्मान दाखवले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि अशा वेळी पुण्याहून आलेला, अर्धी चड्डी घातलेला माणूस म्हणत होता की हा गुन्हा आहे, आणि जो पडला त्याला चेंडू द्या. गोलसमोर ठेवून, मोकळा. आमच्यात याला पेनल्टी म्हणतात.

"पडलेल्याला बक्षीस?" कोणी ओरडले.

"पुन्यात असंच असतंय रं, तिथं पडलेलंच म्होरं जात्यात!"

ही शिवी दाद देण्यासारखी होती, पण तोवर गर्दी फाकली आणि दौलू आबा आत आले. हलगी थांबली.

"मास्तर, टांग कुनी घातली?"

"लिमयेंनी."

"पडला कोन?"

"तुमचा मुलगा."

"पाठ लागली?"

"लागली."

"मंग चेंडू कुनाचा?"

"तुमच्या मुलाचा."

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग मारुतीकडे वळले. तो उठून उभा होता, पाठीला माती तशीच. "मारुत्या, पडला म्हून मिळालेला चेंडू तू मारलास, तर घरला येऊ नगंस. रान घे, खेळ. पर माझ्या उंबऱ्याला येऊ नगंस."

"आबा, खेळात असंच हाय," मारुती म्हणाला. त्याचा आवाज सलाम ठोकणारा राहिला नव्हता.

"मंग ह्यो खेळ खोटा हाय."

मी सुचवले, दुसऱ्या कोणी मारला तरी चालेल. जवान एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "हवालदार मारत न्हाई तर आमी कसं मारनार, सर? हुकूम न्हाई." सगळे हात मागे बांधून उभे राहिले. नियमांची इंग्रजी चोपडी माझ्या खिशात होती, पण त्या वेळी तिचा उपयोग ताइताएवढाच होता.

चेंडू चुन्याच्या ठिपक्यावर पडून होता. न मारावा तर रान जाते, मारावा तर बाप जातो. मारुती चेंडूकडे पाहत नव्हता, बापाकडेही पाहत नव्हता. मैदानाच्या मध्याकडे, आपण काढलेल्या त्या वर्तुळाकडे पाहत होता. मीही तिकडे पाहिले.

"आबा," मी म्हणालो, "कुस्ती लढताना गडी मातीच्या हौद्याबाहेर गेले तर काय करता?"

"सोडवायची. मधी आनून परत जोडायची."

"आणि हौद्याबाहेर पाठ लागली तर?"

"ती पाठ न्हवं. भाईर पडल्याला गडी पडल्याला न्हाई."

"मग हे मधलं वर्तुळ कशाला काढलंय तुमच्या मुलानं? सलामी कुठं झाली, तुम्ही पाहिलीत ना? तो हौदा. टांग कुठं घातली ते बघा."

हे चोपडीत नाही. चोपडीप्रमाणे ते वर्तुळ फक्त सुरुवातीला समोरच्यांनी लांब उभे राहावे म्हणून असते. पण चोपडी लिहिणाऱ्यांपुढे दौलू आबा उभे राहिले नव्हते.

आबा वर्तुळापाशी गेले. कडेने चालले. मग तिथून मुलगा जिथे पडला होता तिथपर्यंत आले, काठी टेकत, सावकाश. सारे गाव त्यांच्या पायांकडे पाहत होते.

"लय भाईर हाय," ते म्हणाले.

"फार बाहेर."

"मंग पाठ लागली न्हाई ह्याची."

"नाही लागली."

आबांनी काठी उचलली आणि कुस्तीचा निकाल द्यावा तसे ओरडले, "टांग हौद्याभाईरची हाय! पाठ न्हाई!" गर्दीतून 'व्हय, व्हय' असा आवाज फिरला. दोघांनी लिमयेच्या डोक्यावरचा फेटा उतरवला. तेव्हा त्या सगळ्यांत मोकळा श्वास घेतला तो लिमयेने.

"मार," आबा मुलाला म्हणाले, आणि जाऊन आपल्या जागी बसले.

वेळ संपली होती, मी ती एवढ्या एका चेंडूपुरती वाढवली होती. मारुती मागे गेला, धावत आला आणि त्याने चेंडू इतक्या जोरात हाणला की तो आडव्या बांबूवरून, कोळ्यांच्या डोक्यांवरून, शेजारच्या उभ्या उसात नाहीसा झाला. पाने बराच वेळ सळसळत राहिली.

मी शेवटची शिट्टी दिली.

"न्हाई, न्हाई! निकाली करा!" गाव उठले. निकाल लागेपर्यंत लढायचे, हाच त्यांचा रिवाज. आबा पुन्हा आत आले. एका हाताने मारुतीचे मनगट धरले, दुसऱ्याने लिमयेचे, आणि दोन्ही हात वर केले. "बरोबरीत सोडली." मग लोक मागे सरले. मी शिट्टी फुंकून जे साधत नाही ते त्यांनी न फुंकता साधले. कारभाऱ्यांना भाषण करायचे होते. त्यांनी ते केले. तोवर लोक उसात चेंडू शोधत होते.

त्या संध्याकाळी मी मारुतीच्या घरी जेवलो. आता हरकत नव्हती. कोंबडे फारच सुरेख झाले होते आणि सगळे खाली पाहून जेवत होते. जिंकलो तर हे आणि हरलो तर ते, एवढीच बोली होती. बरोबरीचे काय, हे कोणाला सुचले नव्हते. अंगणात लोखंडी नांगर आणून ठेवलेला होता. मारुतीची आई मला एवढेच म्हणाली, "आवं, पोटभर खावा. तुमचं काय चुकलंय?" त्यावरून काहीतरी चुकले आहे हे मला कळले.

सांगली

सांगलीत उतरताच हळदीचा वास येतो आणि कपडे धुतले तरी काही दिवस जात नाही. सकाळी घाटावर गेलो, गणपतीचे दर्शन घेतले, संध्याकाळी भडंग खात बसलो. त्यात लसूण इतका सढळ होता की पुढच्या सत्काराला माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ खुर्ची हलवत हलवत व्यासपीठाच्या टोकाला गेले. मला शाल मिळाली. वक्त्यांनी माझ्या निर्णयाला ऐतिहासिक म्हटले. निर्णय काय होता, हे त्यांनी सांगितले नाही.

लिमये मला मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला आला. "सर, आयुष्यात एकदाच फेटा बांधला होता कोणी मला. तुम्ही काढायला लावलात."

"तुला हवा होता?"

"तेव्हा नको होता," तो म्हणाला. "आता वाटतं, घरी न्यायला हवा होता."

परतताना

परतीला मी मोटारीने निघालो. नदीकाठच्या त्या रानाजवळ इंजिनातून वाफ निघू लागली, आणि ड्रायव्हर डबा घेऊन शेजारच्या विहिरीवर गेला. मी खाली उतरलो, कारण काय दिसणार हे मला आधीच माहीत आहे असे वाटत होते.

रान नांगरले होते. पण अर्धे. नदीकडून काळी ढेकळे उठत आली होती ती मधल्या रेषेपर्यंत, आणि तिथे थांबली होती. बरोबरीत सुटली म्हणून दौलू आबांनी रान बरोबरीने वाटले होते. उरलेल्या अर्ध्यात जवान खांब उपटून आडवे मैदान लावत होते.

आबा नांगराच्या शेवटच्या ओळीवर होते. तीन बैलजोड्या पुढे. सरळ येत होते, आणि वर्तुळापाशी आल्यावर त्यांनी जोड्या वळवायला घेतल्या. बैल वळेनात. मागची जोडी पुढच्यांच्या पायांत येऊ लागली. हाका, शिव्या, कासरे यांची गर्दी उडाली. पण नांगर वर्तुळाच्या बाहेरून, त्या चुन्याच्या कडेकडेने फिरून गेला. नांगरलेल्या काळ्या रानात तेवढा पांढऱ्या कडेचा अर्धा गोल जसाच्या तसा शिल्लक होता.

"आबा, हे कशाला राखलंत?" मी विचारले. "तेवढ्यात उसाच्या चार सऱ्या बसल्या असत्या."

त्यांनी नांगर थांबवला आणि माझ्याकडे पाहिले, तेच, बैल पाहावा तसे.

"हौद्यातनं नांगर घालत्यात व्हय?"

"नाही घालत," मी म्हणालो.

मारुती घाम पुसत आला. सलाम ठोकला. आवाज परत जागेवर आला होता. "सर, मैदान लई आखूड झालं. नियमात बसतंय का?" आणि मग जरा कचरत, "हौदा बी कडंला गेला. मधी न्हाई राहिला. नवा काढू का सलामीला?"

नांगराच्या मुठीवर हात ठेवून आबा ऐकत होते.

"नवा कशाला?" मी म्हणालो. "सलामी तिथंच घ्यायची. मधेच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

लिहिले आहे. चोपडीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे, आणि चोपडी तेव्हाही माझ्या खिशात होती. आबांनी बैलांना हाक दिली. रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला आणि मी धावत जाऊन बसलो.